थंड रेडिएटरांच्या दुरुस्तीच्या नोंदी : पाच मजली जुनी इमारत, साठ रेडिएटर

इमारतीच्या देखभालीची जबाबदारी या वर्षी माझ्याकडे आली आणि पहिल्याच थंडीत वरच्या मजल्यांवरून तक्रारी सुरू झाल्या. तळघरात एक बॉयलर आणि एक पंप आहे. तिथून सहा उभ्या लाइनी वर जातात आणि प्रत्येक लाइनीवर मजल्यागणिक दोन रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरवून खोली तापवणारी उपकरणे, आहेत. प्रत्येक रेडिएटरला गरम पाणी आणणारा एक नळ आणि थंड झालेले पाणी परत नेणारा दुसरा नळ आहे. बहुतेक रेडिएटर ओतीव लोखंडाचे आहेत. सगळी यंत्रणा बंदिस्त असून तिच्यातले पाणी अंदाजे १,२०० लिटर भरते. अशाच इमारतीत हे काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी चुकांसकट ठेवल्या आहेत.

१२ ऑक्टोबर

हत्यारांना हात लावण्याआधी शेजारच्या गृहस्थांना सोबत घेऊन प्रत्येक घरातला प्रत्येक रेडिएटर हाताने तपासला आणि कागदावर नकाशा केला. साठपैकी एकोणीस रेडिएटर पूर्ण किंवा अर्धे थंड निघाले. त्यांतले सात पाचव्या मजल्यावरचे होते आणि ते खाली कोमट, वर थंड होते. आठ रेडिएटर सहाव्या, म्हणजे बॉयलरपासून सर्वांत लांबच्या लाइनीवर दुसऱ्या ते पाचव्या मजल्यांवर होते आणि पूर्ण थंड होते. त्याच लाइनीवर पहिल्या मजल्याचे दोन जेमतेम कोमट लागत होते, ते या मोजणीत धरलेले नाहीत. उरलेले चार वेगवेगळ्या घरांत विखुरलेले होते. हा नकाशा करायला पाच तास लागले आणि साऱ्या कामात सर्वांत उपयोगी पडले ते हेच पाच तास. मात्र त्या दिवशी आम्ही नकाशा नीट वाचला नाही. थंडपणाचे तीन वेगळे प्रकार समोर दिसत असतानाही आम्ही सगळ्यांचे कारण एकच धरले, ते म्हणजे आत अडकून पाण्याची जागा अडवणारी हवा.

तळघरातल्या दाबमापकावर काटा २.२ बार दाखवत होता. सहाव्या लाइनीच्या पायथ्याशी गरम आणि परतीच्या नळांवर एकेक जुना गेट व्हॉल्व्ह, म्हणजे चाक फिरवून आतले पाते वर-खाली करणारा व्हॉल्व्ह, आहे. दोन्ही व्हॉल्व्ह फिरवून पाहिले आणि ‘पूर्ण उघडे’ अशी नोंद केली. या दोन्ही नोंदी चुकीच्या होत्या आणि त्यांची किंमत पुढे कळली.

१३ ऑक्टोबर

दिवसभर हवा काढली. वरून सुरुवात केली आणि पंप चालूच ठेवला. पाचव्या मजल्यावर दोन रेडिएटरांचा हवेचा, म्हणजे अडकलेली हवा बाहेर सोडण्याचा, स्क्रू सैल केल्यावर फुस्स आवाजही आला नाही आणि पाणीही आले नाही. तिथे कागदाची पट्टी धरली तेव्हा ती बाहेर उडण्याऐवजी भोकाकडे ओढली गेली. रेडिएटर बाहेरची हवा आत घेत होता. तिथेच थांबून यंत्रणेतला दाब तपासायला हवा होता, पण आम्ही स्क्रू आवळला आणि पुढच्या घरात गेलो. सहाव्या लाइनीच्या सर्व रेडिएटरांमधून मात्र थोड्याशा हवेनंतर पाणी आले, म्हणून ती लाइन मोकळी आहे असे आम्ही धरले. पाणी काळे होते आणि बोटांना बारीक पूड लागत होती. संध्याकाळी तळघरातल्या भरणीच्या नळातून ताजे पाणी सोडले. ते किती सोडले हे मोजले नाही.

१६ ते २० ऑक्टोबर

दोन दिवस पाचवा मजला बरा होता, मग हवा परत आली. त्यावर उपाय म्हणून बॉयलरचे तापमान ६५ अंशांवरून ७५ वर नेले आणि पंप सर्वांत वरच्या गतीवर ठेवला. परिणाम असा झाला की पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे लोक खिडक्या उघडून बसू लागले, त्यांच्या थर्मोस्टॅटिक (खोलीच्या उबेप्रमाणे पाणी आपोआप कमी-जास्त करणाऱ्या) व्हॉल्व्हमधून रात्रभर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि सहावी लाइन होती तशीच थंड राहिली. चार दिवस हा प्रयोग चालू ठेवला, इंधन वाया गेले आणि खालच्या मजल्यावरच्या एका आजींची झोप मोडली. त्यांची क्षमा मागून दोन्ही गोष्टी पूर्ववत केल्या.

२१ ऑक्टोबर

कागदाची पट्टी आत ओढली गेल्याची गोष्ट डोक्यातून जात नव्हती. दाबमापकाच्या मागचा छोटा कॉक बंद करून मापक सैल केला, तर काटा २.२ वरून हललाच नाही. मापक केव्हापासून अडकलेला होता कोण जाणे. नवा बसवला आणि थंड यंत्रणेत खरा दाब १.३ बार निघाला.

जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून फीत सोडून मोजले. मापकापासून सर्वांत वरच्या रेडिएटरच्या माथ्यापर्यंतची उंची १६ मीटर भरली. दहा मीटर पाण्याचा स्तंभ साधारण १ बार दाब देतो, म्हणजे पाणी केवळ वरपर्यंत टेकायलाच १.६ बार हवेत आणि वर थोडा राखीव दाब वेगळा. आमच्याकडे तेवढाही नव्हता. त्यामुळे पाचव्या मजल्यावर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होता आणि लाइनींच्या माथ्यावरच्या आपोआप हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून हवा उलटी आत येत होती. १३ तारखेला आम्ही दोन ठिकाणी त्यात स्वतःच्या हाताने भर घातली.

आता प्रश्न होता की दाब कमी का होतो. तापून पसरलेले पाणी सामावून घेणाऱ्या प्रसरण टाकीच्या हवेच्या बाजूची टोपी काढून आतली पिन क्षणभर दाबली, तर हवेऐवजी पाणी आले. आतला रबरी पडदा फाटला होता आणि ८० लिटरची टाकी पाण्याने गच्च भरलेली होती. तापलेल्या पाण्याला पसरायला जागाच उरली नव्हती. सुरक्षा व्हॉल्व्हचा नळ कोपऱ्यातल्या गटारावर जिथे संपतो तिथे पांढरे पापुद्रे जमलेले दिसले आणि सगळी साखळी उलगडली. यंत्रणा तापली की दाब वाढे आणि सुरक्षा व्हॉल्व्ह पाणी टाके. ती निवली की दाब खाली जाई आणि वरून हवा शिरे. मग कोणीतरी ताजे पाणी भरे, त्यातला प्राणवायू लोखंडाला गंज आणी आणि काळी पूड तयार होई. गेल्या काही वर्षांत प्रत्येक थंडीत हवा काढून पाणी भरले जात असे, असे जुने रहिवासी सांगतात. दरवर्षी त्यामुळे मूळ दुखणे थोडे अधिक वाढत गेले.

२६ ऑक्टोबर

परवानाधारक तंत्रज्ञाकडून नवी १५० लिटरची टाकी बसवून घेतली. बॉयलर आणि सुरक्षा व्हॉल्व्ह यांच्याशी संबंधित काम आम्ही स्वतः केले नाही आणि कोणी करू नये. टाकीतली हवा पाण्याला जोडण्याआधीच १.९ बारवर भरली, म्हणजे उंचीचे १.६ आणि वर ०.३. हा दाब पाणी जोडलेले असताना मोजला तर फसवा येतो, तेव्हा मोजताना टाकीची पाण्याची बाजू बंद करून रिकामी असली पाहिजे. सतत पाणी टाकून जुन्या सुरक्षा व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे आतले झाकण टेकते ती जागा, खराब झाली होती, म्हणून तोही बदलला. यंत्रणा थंड असताना २.२ बारपर्यंत भरली. भरणीच्या नळावर या वेळी पाण्याचा मीटर बसवून घेतला.

नंतर हवा पुन्हा काढली, पण या वेळी पंप बंद ठेवून, पाणी निवू देऊन, अर्धा तास थांबून आणि खालच्या मजल्यापासून वर जात. दर मजल्यानंतर एकाने तळघरात दाब पाहून पाणी भरायचे, असे काम वाटून घेतले. १३ तारखेला सात तास घालवून जे झाले नाही ते तीन तासांत झाले. जुन्या यंत्रणेतून निघणारा वायू दरवेळी हवाच असतो असे नाही. गंजण्याच्या क्रियेत हायड्रोजनही तयार होतो आणि तो पेट घेतो, म्हणून स्क्रूजवळ काडी किंवा मेणबत्ती धरून पाहण्याची जुनी सवय सोडावी.

संध्याकाळी तापल्यावर दाब २.९ बार झाला आणि सुरक्षा व्हॉल्व्हचा नळ कोरडा राहिला. पाचव्या मजल्यावरचे सातही रेडिएटर माथ्यापर्यंत गरम झाले.

२९ ऑक्टोबर

विखुरलेले चार रेडिएटर हाती घेतले. त्यांतल्या तिघांच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची पिन उन्हाळाभर बंद राहून आत अडकली होती. वरचे डोके काढल्यावर छोटी पिन दिसते. ती बोटाने दाबली तर आत जाऊन स्वतः परत बाहेर आली पाहिजे. पहिल्या ठिकाणी ती आतच रुतलेली पाहून मी पक्कड लावून ओढली, आणि ही माझी या कामातली सर्वांत वाईट चूक ठरली. पिनेसोबत तिच्या भोवतीचे पॅकिंग सुटले आणि काळ्या पाण्याची धार भिंतीवर उडाली. तळघरात धावत जाऊन ती लाइन बंद करेपर्यंत बादलीभर पाणी जमिनीवर गेले होते. घरमालकांच्या खोलीतली लाकडी जमीन पुसून, पंखा लावून वाळवायला पुढचा सगळा दिवस गेला आणि व्हॉल्व्हचा आतला भाग नवा घालावा लागला.

बाकीच्या दोन ठिकाणी व्हॉल्व्हच्या अंगावर लाकडी मुठीने हलके ठोके दिले, पिनेवर सिलिकॉनच्या वंगणाचा एक थेंब सोडला आणि सपाट लाकडी तुकड्याने ती हळूहळू वीस-पंचवीस वेळा दाबली. दोन्ही मोकळ्या झाल्या. चौथ्या रेडिएटरमध्ये दोष नव्हताच. जाड पडदा व्हॉल्व्हच्या डोक्यावरून खाली येत होता, पडद्यामागे कोंडलेली ऊब पाहून व्हॉल्व्ह खोली तापली असे समजे आणि पाणी बंद करे. पडदा आखूड केला.

२ ते ६ नोव्हेंबर

आता सहावी लाइन. प्रत्येक लाइनीच्या पायथ्याशी दोन्ही नळांना बांधायचे थर्मामीटर लावले. पहिल्या लाइनीत गरम नळ ६८ अंश आणि परतीचा ६१ होता. सहाव्या लाइनीत तेच आकडे ४१ आणि २४ आले. पाणी अगदी सावकाश, वाटेतच निवत फिरत होते. जवळच्या लाइनी सगळे पाणी ओढून घेतात असे मानून पहिल्या पाच लाइनींचे पायथ्याचे व्हॉल्व्ह थोडेथोडे आवळत गेलो. चार दिवस सकाळ-संध्याकाळ आकडे लिहिले. पहिल्या लाइनीचा फरक ७ अंशांवरून १४ वर गेला, तिच्यावरची घरे कुरकुरू लागली आणि सहावी लाइन ४१ वरून केवळ ४४ वर आली. इतके आवळूनही पाणी तिकडे वळत नसेल तर अडथळा त्या लाइनीतच असणार, एवढा निष्कर्ष काढायला चार दिवस लागायला नको होते.

७ नोव्हेंबर

अनेक वर्षे हेच काम केलेले एक वयस्क फिटर ओळखीतून येऊन पाहून गेले. त्यांनी सहाव्या लाइनीचा परतीचा गेट व्हॉल्व्ह दोन बोटांनी फिरवला आणि म्हणाले, ‘‘चाक फिरतंय, पण ते काही उचलतंय असं वाटत नाही.’’ मग त्यांनी दाखवलेली तपासणी सोपी होती. दोन्ही नळांवर गेट व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूला लाइन रिकामी करण्याचा छोटा नळ आहे. पंप थांबवून पाणी निवल्यावर परतीचा व्हॉल्व्ह बंद केला, गरम बाजूचा उघडा ठेवला आणि लाइन रिकामी करण्याचा नळ सोडला, तेव्हा बादलीत जोरदार धार आली. नंतर उलट केले. गरम बाजूचा बंद केला आणि परतीचा ‘पूर्ण उघडा’ ठेवला. क्षणभर लाइनीतलेच पाणी आले आणि मग करंगळीएवढीही नाही अशी धार उरली. २ बारहून जास्त दाब असलेल्या मुख्य नळातून एवढेच पाणी येत असेल तर व्हॉल्व्ह आतून बंद आहे.

हवेच्या स्क्रूने आम्हाला कसे फसवले तेही तेव्हा उमगले. स्क्रूतून पाणी येते ते दाबामुळे, आणि दाब एकाच नळातूनही पोचतो. पाणी फिरते आहे की नाही याबद्दल तो स्क्रू काहीच सांगत नाही. रेडिएटर पाण्याने काठोकाठ भरलेला असूनही थंडगार राहू शकतो, आणि सहाव्या लाइनीवरचे आठही रेडिएटर तसेच होते.

१० नोव्हेंबर

व्हॉल्व्ह बदलायचा तर मुख्य परतीच्या नळाच्या बाजूने पाणी अडवायला दुसरा काही मार्ग नव्हता आणि सारी इमारत रिकामी केली असती तर १,२०० लिटर ताजे, प्राणवायूने भरलेले पाणी पुन्हा भरावे लागले असते. म्हणून तंत्रज्ञाने व्हॉल्व्हच्या मागे नळाभोवती वेष्टन लावून आतले पाणी गोठवले. बर्फाचाच बूच झाला. यासाठी पंप आणि बॉयलर पूर्ण बंद हवेत, कारण वाहते किंवा कोमट पाणी गोठत नाही. वरच्या लाइनीतले सुमारे दीडशे लिटर पाणी तेवढे सोडून द्यावे लागले.

जुना व्हॉल्व्ह उघडून पाहिला. पाचरीच्या आकाराचे पाते स्पिंडलपासून, म्हणजे चाकाच्या दांड्यापासून, सुटून तळाशी बैठकीत बसले होते आणि त्याच्यामागे काळा गाळ चिकटून घट्ट झाला होता. बाहेरचे चाक मात्र नेहमीसारखे फिरत होते. १२ ऑक्टोबरला फिरवताना ते दोन्ही टोकांना नीट अडत नव्हते हे मला आठवते आहे, पण तेव्हा ‘सैल आहे म्हणजे चांगला आहे’ असा अर्थ घेतला होता. जुन्या जागी बॉल व्हॉल्व्ह आणि समतोल साधणारा व्हॉल्व्ह असे दोन बसवले. बर्फ वितळल्यावर पाणी भरले, हवा काढली आणि दोन तासांत सहाव्या लाइनीचे आकडे ६६ आणि ५५ झाले. पाचव्या मजल्यावरच्या कुटुंबाने मुलांना बोलावून रेडिएटरला हात लावायला सांगितला, तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि मला फार बरे वाटले.

१२ आणि १३ नोव्हेंबर

लाइन वाहू लागल्यावर नवा प्रकार दिसला. त्याच लाइनीवरचे तीन रेडिएटर वर कढत आणि खाली, मधल्या भागात, थंड होते. तळाशी गाळ बसल्याचे हे लक्षण आहे. ते काढून बाहेर नेले. ओतीव लोखंडाचा रेडिएटर दोघांनाही जड जातो आणि पहिला उचलताना दोन्ही टोकांना बूच न लावल्यामुळे जिन्याच्या तीन पायऱ्या काळ्या झाल्या. तो डाग अजून पूर्ण गेलेला नाही. बाहेर नळी लावून, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून पाणी सोडत आणि रबरी हातोडीने लाकडावरून ठोकत राहिलो. पाणी स्वच्छ व्हायला प्रत्येकाला पाऊण तास लागला. सगळी यंत्रणा जोराच्या पाण्याने धुऊन काढायचा विचार होता, पण नळांचे सांधे जुने आहेत आणि गंजच काही ठिकाणी गळती थोपवून धरत असेल, म्हणून तंत्रज्ञाने तो बेत सोडायला सांगितले. त्याऐवजी मुख्य परतीच्या नळावर चुंबकीय गाळणी बसवली आणि उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे गंजरोधक द्रव घातला. पहिल्या आठवड्यात गाळणी रोज उघडली आणि रोज मूठभर काळा चिखल निघाला. पुढच्या आठवड्यात तो चमचाभरावर आला.

१६ ते १९ नोव्हेंबर

६ तारखेपर्यंत आवळलेले सगळे व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडले आणि समतोलाचे, म्हणजे जवळच्या-लांबच्या सगळ्या रेडिएटरांना पाण्याचा योग्य वाटा मिळवून देण्याचे, काम पहिल्यापासून केले. थर्मोस्टॅटिक डोकी काढून ठेवली, कारण ती मधेच पाणी बंद करून आकडे बिघडवतात. रेडिएटरच्या परतीच्या टोकाला टोपीखाली जो व्हॉल्व्ह असतो तो आधी बंद करून, मग मोजून वळसे उघडायचा आणि वळसे वहीत लिहायचे. बॉयलरजवळचे रेडिएटर अर्ध्या-पाऊण वळशावर आले, लांबचे तीन-चार वळशांवर राहिले. रेडिएटरमध्ये येणारे आणि जाणारे पाणी यांत १० ते १२ अंशांचा फरक मिळेपर्यंत हे करायचे होते. जवळच्या रेडिएटरचे पाणी निम्मे केले तरी त्याची ऊब निम्मी होत नाही, थोडीशीच घटते, आणि वाचलेले पाणी लांबच्या रेडिएटरला जगवते. हे कुरकुरणाऱ्या घरांना समजावून सांगावे लागले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मान्यही केले.

एक दिवस यातही गेला. दुरून तापमान मोजणारा अवरक्त थर्मामीटर चकचकीत नळावर ३१ अंश दाखवत होता आणि बांधलेला थर्मामीटर त्याच जागी ५४. चमकणारा धातू या उपकरणाला फसवतो. नळांवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजल्यावर दोन्ही आकडे जुळले. शिवाय ओतीव लोखंड सावकाश तापते, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर अर्धा ते पाऊण तास थांबणे भाग असते. घाईने लगेच मोजलेले पहिल्या सकाळचे सगळे आकडे फेकून द्यावे लागले.

३ डिसेंबर

बॉयलर आता ६२ अंशांवर चालतो आणि पंप खालच्या गतीवर. थंड स्थितीतला दाब २.२ वरून २.१ वर आला आहे, तो गाळणी उघडताना गेलेल्या पाण्यामुळे. तेवढ्यासाठी ९ लिटर भरले आणि मीटरचा आकडा तळघरातल्या वहीत लिहिला. यापुढे वहीत नोंद न करता कोणी पाणी भरू नये अशी पाटी नळावर लावली आहे.

आमच्या दोघांचे मिळून ९१ तास गेले. त्यांतले निदान ३८ तास चुकीच्या दिशेने खर्च झाले, मुख्यतः १३ ते २० ऑक्टोबर आणि २ ते ६ नोव्हेंबर या दोन टप्प्यांत. बदललेले भाग असे : दाबमापक, प्रसरण टाकी, सुरक्षा व्हॉल्व्ह, एका थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचा आतला भाग आणि सहाव्या लाइनीचा परतीचा व्हॉल्व्ह. एकही रेडिएटर बदलावा लागला नाही, हे पहिल्याच आठवड्यात ‘सगळे रेडिएटर नवे घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो.

साठपैकी एकोणसाठ रेडिएटर वरपासून खालपर्यंत गरम आहेत. उरलेला एक पाचव्या मजल्याच्या कोपऱ्यातला आहे. तोही गरम होतो, पण खोली तापत नाही, कारण आधीच्या रहिवाशांनी मूळचा दहा खणांचा रेडिएटर काढून त्या जागी छोटा पातळ रेडिएटर लावला आहे. योग्य आकाराचा रेडिएटर उन्हाळ्यात, यंत्रणा बंद असताना बसवायचा आहे. योग्य आकाराचा रेडिएटर उन्हाळ्यात, यंत्रणा बंद असताना बसवायचा आहे.